कन्सोल तापून बंद पडतोय? खोलायच्या आधी मागून येणारी हवा बघा

मे महिना आणि गणपती, या दोन वेळेला कोकणात गेम कन्सोल सगळ्यात जास्त रडतात. मे महिन्यात उकाड्यामुळे, आणि गणपतीत चाकरमान्यांबरोबर मुंबैहून आलेला किंवा वर्षभर कपाटात पडून राहिलेला पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) एकदम सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो म्हणून. मग काय, तासाभरात पंखा बोंबलायला लागतो, स्क्रीनवर कन्सोल खूप गरम झालाय, बंद करून थंड होऊ द्या असा मेसेज येतो आणि घरात प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. कोण म्हणतं फ्रीजमध्ये ठेव, कोण म्हणतं आतल्या चिपवरची थर्मल पेस्ट बदल, भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो त्यात तो टॉवेलात गुंडाळायला सांगितलेला असतो. आजी आपली म्हणते, "मेल्या, बंद कर ता, तापला बघ किती." या सगळ्यांत बरोबर फक्त आजी असते.

आता हे तापणं म्हणजे नक्की काय ते आधी बघू, कारण ते कळलं की अर्धे उपाय आपोआपच बाद होतात. पीएस५ गेम चालू असताना साधारण दोनशे वॅट खातो, पहिला जाडा पीएस४ दीडशेच्या आसपास. ही वीज जाते कुठे? मिक्सर वाटण वाटतो, पंप विहिरीतलं पाणी वर चढवतो, कन्सोल असलं काहीच करत नाही, नुसते आकडे इकडचे तिकडे करतो, त्यामुळे आत गेलेली जवळजवळ सगळीच्या सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. शंभर वॅटचे जुने पिवळे बल्ब आठवतात ना, ज्याला हात लागला की चटका बसायचा, तसे दोन बल्ब एका डब्यात बंद करून तासन् तास पेटते ठेवलेत असं समजा. आणि ही बहुतेक उष्णता येते कुठून तर एका चिपमधून, पहिल्या पीएस४ मधल्या चिपचा आकार साधारण ३५० चौरस मिलिमीटर, म्हणजे दोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरपेक्षाही थोडी लहानच.

त्या एवढ्याशा चिपमधून उष्णता बाहेर काढायची म्हणून एक ठरलेला रस्ता असतो. चिपवर थर्मल पेस्ट, पेस्टवर धातूचा हीट सिंक, हीट सिंकला पातळ पातळ पत्र्यांची रांग, त्या पत्र्यांमधून पंखा हवा मारतो आणि ती गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर. बस एवढंच. यातला कुठलाही एक टप्पा तुंबला की मागचं सगळं तापतं, चिपमधला सेन्सर ते बघतो, पंखा वाढवतो, तरी भागलं नाही तर चिप जळू नये म्हणून कन्सोल बंद करून टाकतो. म्हणजे तापून बंद पडलेला कन्सोल बिघडलेला असतोच असं नाही, बऱ्याचदा तो स्वतःला वाचवत असतो, आणि घरगुती रिपेअरी म्हणजे चिपला काही करायचं नसतंच, तो रस्ता मोकळा करायचा असतो.

या हिशोबात खोलीचं तापमान सरळ मिळवलं जातं. समजा चिप खोलीपेक्षा ४५ अंशाने जास्त तापते, तर एसीच्या २५ अंशात ती ७० वर राहील आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ३५ असेल तर ८० वर, गेम तोच, कन्सोल तोच. सोनीने पीएस४ आणि पीएस५ दोन्हीसाठी वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश असंच दिलंय, म्हणजे आपल्याकडच्या पत्र्याखालच्या दुपारी आपण अगदी वरच्या रेघेवर असतो. कौलारू घरात माळ्याखाली खेळणाऱ्याला त्यामानाने बरं. एक गंमत, दमट हवेने आपला जीव जातो कारण घाम सुकत नाही, कन्सोलला घाम येत नाही, त्याला ३३ अंश कोरडे काय आणि दमट काय, थंड होण्याच्या बाबतीत सारखेच. दमटपणा त्याला वेगळ्या वाटेने मारतो, ते पुढे सांगतो.

काहीजणांना वाटतं की उन्हाळ्यात गेम अडकत अडकत चालतो तो गरमीमुळे. मोबाईलच्या बाबतीत हे खरंय, मोबाईल तापला की स्वतःचा वेग कमी करतो. कन्सोलचं तसं नसतं. पीएस५ बनवणाऱ्या टीमचे मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की पीएस५ चा वेग चिप किती काम करतेय त्यावर ठरतो, चिप किती तापलीय त्यावर नाही, म्हणजे वेंगुर्ल्यातला पीएस५ आणि शिमल्यातला पीएस५ गेम सारखाच चालवणार, फरक काय तो पंख्याच्या आवाजात. त्यामुळे गेम अडकत असेल तर आधी हार्ड डिस्क आणि नेट बघा, गरमीवर बिल फाडू नका.

आता आपली कोकणची धूळ. पुण्यात कन्सोल खोलला तर आत राखाडी, मऊ, कोरडा कापूस निघतो, ब्लोअर मारला की उडाला. आमच्याकडे मालवण-देवगड पट्ट्यात किनाऱ्याजवळच्या घरातला खोलला तर तसं होत नाही. हीट सिंकच्या पात्यांमध्ये (त्या पातळ पत्र्यांमध्ये) लालसर, चिकट, दाबून बसवल्यासारखी पट्टी असते, नखाने ओरबाडली तर तुकड्यात निघते. लाल रंग जांभ्याच्या धुळीचा, चिकटपणा थोडा फोडणीचा आणि मासे तळल्याचा, चूल असेल तर धूर, आणि बाकी सगळं मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर समुद्राच्या पाण्याचे बारीक थेंब येतात, पाणी सुकतं, मीठ उरतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते तर याच्या कितीतरी आधीच पाणी धरतात. पावसात आपल्याकडे आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० च्या खाली येत नाही. त्यामुळे आतली ती धूळ जून ते सप्टेंबर ओलीच राहते, पावसाळ्यानंतर सुकते, पुढच्या पावसात परत ओली, असं दोन-तीन वर्षं झालं की जी पट्टी तयार होते ती ब्लोअरला दाद देत नाही.

आणि नुसतं हवा अडवून ती थांबत नाही. ओलं मीठ वीज वाहून नेतं, तांब्याला हिरवं करतं, स्क्रूला गंज धरवतं. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने कन्सोल साफ करायची वेळ ही मुंबई-पुण्याच्या व्हिडिओवरून ठरवू नये. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या साफसफाईत हे पण धरा.

धुळीशिवाय आत काय काय सापडतं याची यादी केली तर वेगळाच लेख होईल. झुरळं तर ठरलेलीच, त्यांना ऊब लागते आणि पीएस४ चा पॉवर सप्लाय कायम कोमट असतो कारण लोक कन्सोल बंद करत नाहीत, रेस्ट मोडवर, म्हणजे अर्धवट झोपलेला, ठेवतात. मुंग्या. पालीची अंडी. आणि कुंभारीण माशी, जी भिंतीवर चिखलाचं घर करते ना, तिला यूएसबीची आणि मागची हवेची भोकं फार आवडतात, गणपतीत वापरलेला कन्सोल शिमग्याला बाहेर काढला तर मागच्या अर्ध्या जाळीवर वाळलेला चिखल. अशा वेळी आधी कन्सोल चालू करून बघू नका, टॉर्च मारून मागची जाळी बघा, टूथपिकने चिखल बाहेरच्या बाजूला पाडा, आत ढकलू नका.

आता निदान, आणि यासाठी एकही स्क्रू खोलावा लागत नाही. कन्सोल चालू करा, एखादा जड गेम लावा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी मागच्या जाळीपाशी तळहात धरा.

हवा जोरात येतेय आणि चांगली गरम येतेय, तरी कन्सोल तापल्याचं सांगतोय, तर रस्ता बऱ्यापैकी मोकळा आहे, खोली किंवा जागा चुकीची आहे. बहुतेक वेळा तो शोकेसच्या कप्प्यात असतो, टीव्हीच्या मागे, तीन बाजूंनी प्लायवूड आणि पुढे काच, स्वतःचीच बाहेर टाकलेली गरम हवा परत आत ओढतोय. बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, वरचा क्रोशाचा रुमाल काढा (हो, माहितीय आईने विणलेला आहे), रिपेअरी झाली. गणपतीत मखराच्या बाजूला, लायटिंगच्या माळांमध्ये, धूप-अगरबत्तीच्या धुरात ठेवलेला असेल तर पाच दिवस त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.

पंखा बोंबलतोय पण हाताला हवा जेमतेम लागतेय, जी लागतेय ती कढत, तर पात्यांमध्ये ती लाल पट्टी बसलीय. हा आपल्याकडचा सगळ्यात कॉमन प्रकार, आणि साफसफाईने हमखास सुटणारा.

पंखा जोरात, हवा भरपूर, पण हवा थंडगार, आणि तरी दोन-चार मिनिटांत मेसेज येऊन बंद. इथे उष्णता पत्र्यांपर्यंत पोचतच नाहीये. पेस्ट सुकली असेल किंवा हीट सिंक नीट दाबून बसला नसेल, विशेषतः आधी कोणी खोलून जोडला असेल तर. पेस्ट बदलायची ती या केसमध्ये. नुसता पंख्याचा आवाज वाढला म्हणून पेस्ट बदलायला धावायचं कारण नाही.

पंख्याचा आवाजच नाही, किंवा खर्र खर्र करून थांबतोय, तर पंखा गेला, नवीन पंखा ऑनलाईन मिळतो, मॉडेल नंबर बघून घ्या, कारण पीएस४ च्या जाड्या, स्लिम आणि प्रो, तिघांचे पंखे वेगळे. आणि बटण दाबल्यावर एका सेकंदात बंद होत असेल तर ते तापणं नव्हेच, एका सेकंदात काहीच तापत नाही, तो पॉवर सप्लायचा किंवा शॉर्टचा प्रकार, त्याला घरी हात लावू नका.

एक्सबॉक्स ३६० (मायक्रोसॉफ्टचा जुना कन्सोल) अजून कोणाकडे चालू असेल तर त्याच्या पुढच्या गोल बटणाभोवतीच्या दिव्यांची भाषा आहे, डावीकडचे दोन लाल म्हणजे नुसता तापलाय, तीन लाल म्हणजे आतला हार्डवेअरचा बिघाड. दोन लालवर माणसं तीन लालचे उपाय करतात आणि मग खरोखरच तीन लाल होतात.

तर साफसफाई. सामान फार लागत नाही. पीएस४ ला मागे टी-८ किंवा टी-९ चे सहा कोनी, मध्ये बारीक भोक असलेले सिक्युरिटी टॉर्क्स लागतात, साधा अधिकच्या खुणेचा स्टार डिसमिस तिथे चालत नाही, जबरदस्ती केली तर स्क्रूचं डोकं जातं आणि मग ड्रिल मारण्यापर्यंत वेळ येते. आतले बरेचसे स्क्रू स्टारचे. एक मऊ रंगाचा ब्रश, जुना टूथब्रश, कानातल्या काड्या, हार्डवेअरवाल्याकडचा ब्लोअर मिळाला तर उत्तम, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणी असतं, मोबाईल रिपेअरिंगच्या सामानाच्या दुकानात ९९ टक्क्यांचं मिळतं ते आणा. हे आयपीए साधारण १२ अंशाच्या वर पेट घेणारी वाफ सोडतं, आपल्याकडे १२ अंश कधी असतं, त्यामुळे खिडकी उघडी, गॅस-चूल लांब, अगरबत्ती विझवलेली. रॉकेलने पुसू नका, आपल्याकडे सायकलच्या चेनपासून पंपापर्यंत सगळं रॉकेलने पुसायची सवय आहे, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ दुप्पट बसते.

खोलायच्या आधी एक काम, कन्सोल अजून थोडा वेळ का होईना चालू होतोय तर सेव्ह डेटा पेन ड्राईव्हवर काढून घ्या. पीएस४ ची हार्ड डिस्क त्याच कन्सोलशी बांधलेली असते, उद्या आतला मुख्य बोर्ड गेला तर ती डिस्क दुसऱ्या पीएस४ मध्ये टाकून तुमचे सेव्ह मिळणार नाहीत. वॉरंटी शिल्लक असेल तर खोलूच नका हे सांगायला नको.

मग प्लग काढायचा, नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढायचा, आणि अर्धा तास तरी थांबायचं. जाड्या पीएस४ ला मागच्या बाजूला चार स्क्रू, त्यातले काही स्टिकरखाली लपलेले. ते काढले की खालचं झाकण मागून उचलून निघतं आणि समोर एका बाजूला गोल पंखा आणि दुसरीकडे काळा पॉवर सप्लायचा डबा दिसतो. हा पॉवर सप्लाय पंख्याच्या हवेच्या वाटेतच असतो, हवा त्याच्यातूनच मागे जाते, म्हणून त्याच्या भोकांमध्ये पण तीच लाल पट्टी. डबा अख्खा बाहेर काढायला हरकत नाही, स्क्रू काढा, वायरचा छोटा कनेक्टर सोडवा, सरळ वर उचला, पण तो डबा स्वतः खोलायचा नाही. २३० व्होल्ट आत जाऊन डीसी झाले की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण सव्वातीनशे व्होल्ट चढतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. बाहेरूनच ब्रश मारायचा, हवा मारायची, बास.

प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा आणि स्क्रू कागदावर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवा, लांब स्क्रू आखूडच्या जागी घातला तर बोर्डात घुसतो. गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर बिट नीट बसवून वरून भरपूर दाब द्यायचा आणि हळू फिरवायचं, घाईत बिट घसरला की संपलं. गंज सोडवणारा स्प्रे थेट मारायचा नाही, काडीवर घेऊन बाहेरच्या स्क्रूला थेंबभर चालेल.

पॉवर सप्लाय निघाला की हीट सिंकची पाती दिसतात. आधी कोरडा ब्रश, पात्यांच्या दिशेने, आडवा नाही, पाती फार मऊ असतात आणि वाकली की हवेची ती फट कायमची बंद. सुटेल तेवढी पट्टी चिमट्याने उचलून घ्यायची. मग उरलेल्या मिठाच्या थराला टूथब्रश आयपीएत बुडवून, झटकून, थोडा थोडा. इथे धीर लागतो, एक बाजू झाली की टॉर्च मागून धरून बघायचं, सगळ्या फटींतून उजेड आरपार आला की झालं. पंख्यावर हवा मारताना तो बोटाने धरून ठेवा, मोकळा सोडला तर ब्लोअरच्या जोराने भन्नाट फिरतो, बेअरिंग खराब होऊ शकतं आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवते. पंख्याच्या पात्यांना काडीने दोन्ही बाजूंनी पुसा, एका पात्यावर गोळा राहिला तर पंखा थरथरत फिरतो आणि आवाज तसाच राहतो.

बोर्डावर कुठे हिरवं किंवा पांढरं फुललेलं दिसलं तर तिथे आयपीएचा ब्रश हलका फिरवा आणि सगळं पंख्याखाली सुकू द्या. पावसाळ्यात हे काम काढलं असेल तर रात्रभर. तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदळाने काही होत नाही, पीठ मात्र आत जातं.

आता पेस्ट, ज्यांना ती खरंच लागणार आहे त्यांच्यासाठी. चिप आणि हीट सिंक दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात पण बारीक बघितलं तर दोन्हीवर खाचखळगे असतात, मध्ये हवा राहते, आणि हवा ही उष्णतेची एकदम नालायक वाहक. पेस्ट त्या खाचा भरते, एवढंच तिचं काम. ती स्वतः धातूच्या तुलनेत फार कमी उष्णता वाहते, म्हणून जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंड असं नसतं, उलट जाड थर म्हणजे नवीन अडथळा. पीएस४ मध्ये बोर्ड बाहेर काढल्यावर मागे दोन स्क्रूंची एक धातूची पट्टी असते, ती काढली की हीट सिंक सुटतो. जुनी पेस्ट प्लास्टिकच्या कार्डाने खरवडून, आयपीएने पुसून दोन्ही बाजू चकचकीत करायच्या, नवी पेस्ट चिपच्या मध्ये वाटाण्यापेक्षा थोडी कमी, आणि हीट सिंक सरळ खाली ठेवून दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं तर हीट सिंक तिरका बसतो आणि मग वरच्या यादीतला तिसरा प्रकार तुम्ही स्वतःच तयार करता. मेमरीवरचे मऊ रबरी पॅड दिसतील, ते फाटले नसतील तर तसेच ठेवा, त्यांच्या जागी पेस्ट लावून चालत नाही कारण तिथे फट मोठी असते. कोलगेट लावून चालवलेला कन्सोल पण बघितलाय, दोन दिवस चालतो म्हणे, मग टूथपेस्टमधलं पाणी उडतं आणि उरते नुसती खडू पावडर.

पीएस५ वाल्यांनी हा वरचा परिच्छेद विसरून जा. त्यात पेस्ट नाही, लिक्विड मेटल आहे, म्हणजे खरोखरच पातळ धातू. तो उष्णता झकास वाहतो पण वीजही वाहतो, एक थेंब बाजूला ओघळला तर बोर्ड शॉर्ट, आणि ॲल्युमिनियमला लागला तर ते खातो. सोनीने ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतःच पीएस५ खोलून दाखवला होता, त्यात इंजिनिअर म्हणाले होते की हे लिक्विड मेटल बसवण्याच्या तयारीलाच दोन वर्षं गेली. घरच्या ओटीवर बसून करण्याचं काम नाही. पण त्याच व्हिडिओत साफसफाईची सोय दाखवली आहे, बाजूच्या पांढऱ्या प्लेटा हाताने निघतात, आत धूळ साठायचे कप्पे आणि त्यांची गोल भोकं दिसतात, तिथे व्हॅक्युम क्लीनर हलक्या सक्शनवर धरला की झालं. किनाऱ्यावर राहत असाल तर ही प्लेट दोन-तीन महिन्यांनी काढा, पट्टी घट्ट बसायच्या आत धूळ गेली पाहिजे. एक्सबॉक्स सिरीज एक्स हवा खालून घेतो आणि वरून सोडतो, त्याच्या डोक्यावर रिमोट, चार्जर, देवाचं फूल काही ठेवायचं नाही. निन्टेन्डो स्विचची गरम हवा पण वरच्याच फटीतून येते.

लाईटचं थोडं. लाईट गेल्याने कन्सोल तापत नाही, पण व्होल्टेज कमी असेल, जे वाडीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी असतंच, तर पॉवर सप्लाय तेवढेच वॅट ओढायला जास्त अँपिअर खेचतो आणि तो स्वतः जास्त तापतो. जिथे दिवे पिवळे पडतात तिथे स्टॅबिलायझर लावलेला बरा. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर कन्सोल गुणगुणतो, त्यावर खेळू नका.

उरले मुद्दाम तापवायचे उपाय, टॉवेल, हेअर ड्रायर आणि ओव्हन. हे आलं कुठून तर एक्सबॉक्स ३६० पासून. तो नोव्हेंबर २००५ मध्ये आला आणि तीन लाल दिवे लागून इतके बंद पडायला लागले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. लोकांनी शोधून काढलं की कन्सोल टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवला की चालू होतो. मग स्पष्टीकरण पसरलं, चिपखालचा सोल्डर, म्हणजे जोड देणारा धातू, तुटलेला असतो, तो वितळून परत चिकटतो. ऐकायला बरोबर वाटतं पण आकडे जुळत नाहीत, त्यातला बिनशिशाचा सोल्डर साधारण २१७ अंशाला वितळतो, टॉवेलात गुंडाळलेला कन्सोल तिथपर्यंत पोचायच्या खूप आधी बंद होतो किंवा प्लास्टिक वितळतं. खरं दुखणं बहुतेक चिपच्या पॅकेजच्या आतल्या सूक्ष्म जोडांमध्ये होतं, चालू-बंद, गरम-थंड असं हजार वेळा झालं की सिलिकॉन आणि खालचा थर वेगवेगळे फुगतात-आक्रसतात, जोड चिरतात. तापवल्यावर सगळं फुगून ती चीर तात्पुरती टेकते, म्हणून चालू होतो. जोड तसाच तुटलेला, आणि वर तुम्ही अजून एकदा तापवलेला. काही तास नाहीतर काही आठवडे, मग परत तेच.

फ्रीज याच्या उलट पण तितकाच वाईट. थंड झालेला कन्सोल आपल्या दमट हवेत बाहेर काढला की गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून येतं तसं पाणी आतल्या बोर्डावर जमतं, आणि तिथे आधीच मीठ बसलेलं आहे.

साफ करून जोडल्यावर लगेच जड गेम लावू नका. आधी मेनूवर दहा मिनिटं, मग तासभर गेम, आणि परत तोच हात मागच्या जाळीपाशी. हवा आता जोरात आणि गरम यायला पाहिजे, पंख्याचा आवाज कमी. तरीही दोन मिनिटांत बंद होत असेल तर हीट सिंक परत एकदा नीट बसवून बघा. चालूच होत नसेल, किंवा ३६० वर तीन लाल, पीएस३ वर पिवळा दिवा, पीएस४ वर निळा दिवा नुसताच लुकलुकत असेल, तर ते साफसफाईच्या पलीकडचं आहे, कुडाळ-कणकवली-रत्नागिरी जिथे चिपलेव्हल काम (बोर्डावरच्या चिपा काढणं-बदलणं) करणारा माहितीतला असेल त्याच्याकडे न्या. देण्याआधी एकच विचारा, चिप बदलणार की नुसती गरम करणार? एका शहरातल्या दुकानाने माझ्या ओळखीतल्या पोराला रिबॉलिंग (चिप काढून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे नवे बसवणं) म्हणून पूर्ण पैसे लावले, बोर्ड बघितला तर चिप जागची हललेली पण नव्हती, वरून हीट गन मारलेली, बाजूचं प्लास्टिक वाकलेलं. नुसतं गरम करणार असतील तर बोर्ड तसाच परत मागा, त्यातला पंखा, हार्ड डिस्क आणि पॉवर सप्लाय दुसऱ्याच्या कन्सोलला उपयोगी पडतात.